दुकानाचा संगणक अचानक बंद पडतो तेव्हा

पेढीवरची चोपडी लिहिता लिहिता कधी आपोआप मिटत नसे. शाई सांडणे, पान फाटणे, फार तर पावसाळ्यात कसर लागणे, एवढीच तिची दुखणी असत आणि ती डोळ्यांना दिसत. आज व्यापाऱ्याची रोजकीर्द, खतावणी, मालाचा साठा, उधारी-उगराणी आणि जीएसटीची विवरणपत्रे हे सारे टेबलाखाली ठेवलेल्या एका पत्र्याच्या डब्यात असते. हा डबा महिन्याच्या दहा तारखेला, काही न सांगता, बिल अर्धे असताना बंद पडला, तर दुकानाचा गल्ला उघडा असूनही व्यवहार थांबतो. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत आणि कराचा भरणा २० तारखेपर्यंत करावयाचा असतो. उशीर झाला तर विलंबशुल्क लागते, थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज चढते आणि ज्याला माल विकला त्या व्यापाऱ्याला त्या महिन्यात कराची वजावट दिसत नाही. पैशाचे नुकसान भरून निघते; परंतु ‘यांच्याकडून माल घेतला की वजावट अडकते’ असा बोभाटा एकदा झाला की तो पुसण्यास वर्षे लागतात.

अशा वेळी बहुतेक दुकानांत एकच गोष्ट घडते. घाईने कारागिराला फोन जातो, तो येतो आणि ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगतो. पुष्कळदा हा उपाय रोगाशी संबंध नसलेला असतो. वीज, उष्णता किंवा सैल झालेली वायर यांमुळे बंद पडणारा संगणक फॉरमॅट केल्याने बरा होत नाही. उलट हिशेबाच्या फायली पुसल्या जाण्याची भीती मात्र निर्माण होते. म्हणून कारागीर येण्यापूर्वी दुकानदाराने स्वतः काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, हे प्रत्येक व्यापारी कुटुंबाला ठाऊक असणे हिताचे आहे. यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. तेरीज जुळत नसेल तर जुना मुनीम ज्या शांतपणे एकेक पान तपासत जाई, तोच शांतपणा येथे पुरेसा आहे.

आधी नोंद, मग निदान

पहिले साधन म्हणजे वही आणि पेन. संगणक बंद पडला की तारीख, वेळ, त्या क्षणी कोणते काम चालू होते, तो किती वेळापासून चालू होता, प्रिंटर चालू होता का, दिवे लुकलुकले का, यूपीएसने ‘टूं’ असा आवाज केला का, हे लिहून ठेवावे. चार-पाच नोंदी झाल्या की त्यांतून एक रीत दिसू लागते. रोज दुपारी दोन ते चार या वेळेत बंद पडत असेल तर उष्णतेचा संशय येतो. लेझर प्रिंटरवर बिल छापताना बंद पडत असेल तर विजेच्या भाराचा संशय येतो. सकाळी सुरू करताच दोन मिनिटांत बंद पडत असेल तर कारण आणखी वेगळे असते. नुसत्या आठवणीवर भिस्त ठेवली की ‘केव्हाही बंद पडतो’ एवढेच सांगता येते आणि त्यावरून कोणालाच निदान करता येत नाही.

दुसरे सूत्र असे की एका वेळी एकच बदल करावा. यूपीएस बदलला, वायर बदलली आणि पंखाही साफ केला, असे तिन्ही एकदम केले आणि संगणक नीट चालू लागला, तर दोष नेमका कशात होता हे कळत नाही. पुढच्या वेळी तिन्हींचा खर्च पुन्हा करावा लागतो.

बंद पडण्याचे तीन प्रकार

‘बंद पडला’ या एका शब्दात तीन निरनिराळ्या घटना दडलेल्या असतात.

पहिल्या प्रकारात दिवा विझावा तसा संगणक क्षणात विझतो. पडद्यावर कोणताही संदेश येत नाही. येथे कारण बहुधा वीजपुरवठा, आतील एसएमपीएस किंवा उष्णता हे असते.

दुसऱ्या प्रकारात पडदा निळा होतो, काही इंग्रजी अक्षरे दिसतात आणि संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. येथे रॅम, हार्ड डिस्क किंवा एखादे सदोष ड्रायव्हर यांकडे बोट जाते. विंडोजमध्ये गंभीर दोष येताच आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय मुळातच चालू ठेवलेली असते. त्यामुळे निळा पडदा डोळ्यांनी टिपण्याआधीच नाहीसा होतो. ‘सिस्टिम’च्या प्रगत सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ या चौकटीतील खूण काढून टाकली की तो पडदा तसाच थांबतो आणि त्यावरील दोषाचा संकेत लिहून घेता येतो.

तिसऱ्या प्रकारात संगणक रीतसर बंद होतो. ‘शटिंग डाउन’ किंवा ‘अपडेट चालू आहे’ असे पडद्यावर येते. हा दोष नसून कोणीतरी दिलेला हुकूम असतो. विंडोजचे अपडेट, झोपेची ठरवलेली वेळ किंवा एखादा प्रोग्रॅम तो हुकूम देतो. येथे डबा उघडण्याची गरजच नसते. अपडेटच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ म्हणजे दुकानाच्या कामाचे तास भरून ठेवले की भर दुपारी होणारा हा उपद्रव टळतो.

तपास भिंतीपासून सुरू करावा

पहिल्या प्रकाराचा तपास नेहमी भिंतीवरच्या सॉकेटपासून सुरू करून डब्याच्या आत जावे. बाहेरचे दोष शोधण्यास सोपे असतात, त्यांना खर्चही कमी येतो आणि प्रत्यक्षात तेच अधिक आढळतात.

संगणक विझला त्या क्षणी मॉनिटरचा छोटा दिवा पाहावा. मॉनिटरही विझला असेल तर दोष दोघांना मिळून वीज देणाऱ्या भागात, म्हणजे सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड किंवा यूपीएस यांत असण्याचा संभव मोठा. मॉनिटरचा दिवा चालू राहून ‘सिग्नल नाही’ असे दाखवीत असेल तर दोष डब्याच्या आत किंवा डब्याच्या वायरीत आहे. या एका निरीक्षणाने तपासाचे अर्धे क्षेत्र कमी होते.

डब्याला मागून लागणारी तीन भोकांची वायर कालांतराने सैल होते. झाडू मारताना धक्का लागतो, पाय अडकतो आणि ती अर्धवट बाहेर येते. पुष्कळ मॉनिटरना तशीच वायर असते. दोन्ही वायरींची अदलाबदल करून पाहावी. दोष वायरीबरोबर मॉनिटरकडे गेला तर थोडक्यात काम झाले. एक्स्टेंशन बोर्डात दुसरा एक्स्टेंशन बोर्ड खोचण्याची सवय दुकानांत फार आहे, ती मोडावी. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल तर तेथे ठिणगी उडते असे समजून वायरमनला बोलवावे. असा सॉकेट संगणकापेक्षाही दुकानाला अधिक धोक्याचा असतो.

अर्थिंगची खूण शरीरालाच कळते. डब्याच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा ते तुटले आहे, असा अर्थ घ्यावा. जुन्या बाजारपेठांतील लाकडी माळ्याच्या दुकानांत तीन पिनांचा सॉकेट बसवलेला असतो, पण तिसऱ्या भोकाला वायरच जोडलेली नसते. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्यावे.

यूपीएस : विसरलेला साथीदार

लहान यूपीएसमध्ये साधारणतः १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांच्या आसपासची सीलबंद बॅटरी असते. तिचे आयुष्य सुमारे २ ते ४ वर्षांचे. उकाड्याच्या गावी त्याहूनही कमी. वरचा हिरवा दिवा चालू असतो म्हणून बॅटरी जिवंत आहे असे व्यापारी समजतो. वस्तुतः मुख्य वीज असेपर्यंत संगणक विजेवरच चालतो आणि बॅटरी मेली आहे हे वीज गेल्याच क्षणी कळते.

याची परीक्षा सोपी आहे. दुकान वाढवताना हिशेबाचा प्रोग्रॅम नीट बंद करावा, बॅकअप घ्यावा, संगणक नुसता चालू ठेवावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. संगणक पाच-दहा मिनिटे तग धरून राहिला तर ठीक. तत्क्षणी विझला तर बॅटरी बदलावी. वीज एखादा क्षण जाऊन येते तेव्हा दिव्यांची फक्त पापणी लवते, माणसाच्या लक्षातही येत नाही. पण मेलेल्या बॅटरीच्या यूपीएसवरचा संगणक तेवढ्यात विझतो. ‘वीज गेलीच नव्हती, तरी बंद पडला’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते.

लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नये. कागदावर शाई पक्की करण्यासाठी त्याच्या आत एक रूळ तापवला जातो आणि त्या क्षणी तो काहीशे वॅट वीज ओढतो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलू शकतो. परिणाम असा की बिल छापण्याचा हुकूम देताच संगणक बंद पडतो आणि दोष मात्र हिशेबाच्या प्रोग्रॅमला दिला जातो. प्रिंटरचा प्लग थेट भिंतीला लावला की हा ‘रोग’ त्याच दिवशी बरा होतो.

काही दुकानांत यूपीएसऐवजी घरगुती इन्व्हर्टरवर संगणक चालवतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. संगणकाचा एसएमपीएस साठवलेल्या विजेवर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरू शकतो. इन्व्हर्टरला त्याहून अधिक वेळ लागला तर संगणक पुन्हा सुरू होतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या पाठीमागे ‘यूपीएस मोड’चे बटण असते. ते चालू आहे का, हे पाहावे.

उष्णता आणि धंद्याची धूळ

संगणकाचा प्रोसेसर काम करताना तापतो. त्याच्यावर धातूच्या पात्यांचा हीट सिंक आणि त्यावर पंखा बसवलेला असतो. पंखा थांबला किंवा पात्यांत धूळ बसली की उष्णता बाहेर पडत नाही. आजचे प्रोसेसर आपले रक्षण स्वतः करतात. तापमान मर्यादेजवळ, म्हणजे अनेक प्रोसेसरमध्ये १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आले की ते आधी आपली गती कमी करतात आणि तरीही ताप वाढत राहिला तर वीज तोडून टाकतात. म्हणून ‘गेले आठ दिवस संगणक फार संथ चालतो आणि मग बंद पडतो’ हे वर्णन ऐकले की आधी पंखा पाहावा. आणखी एक खूण अशी की बंद पडल्यावर लगेच चालू केला तर तो पहिल्यापेक्षा लवकर बंद पडतो आणि अर्धा तास थांबून चालू केला तर बराच वेळ चालतो.

धूळही प्रत्येक धंद्याची वेगळी असते. सांगलीच्या हळदीच्या पेढीवर पिवळी भुकटी, इचलकरंजीच्या कापडाच्या गाळ्यात सुताचे तंतू, लातूरच्या डाळ गिरणीत सालीचा भुसा, सिमेंटच्या दुकानात करडी पूड, असे सारे पंख्याबरोबर आत ओढले जाते. सुताचे तंतू पात्यांवर गालिच्यासारखे बसतात. मसाल्याची भुकटी दमट हवेत चिकटते. गादीशेजारी सकाळ-संध्याकाळ अगरबत्ती किंवा धूप लावला जात असेल तर त्याचा चिकट थरही पंख्यावर जमतो. डबा जमिनीवर ठेवला की धूळ आणखी वाढते. तो जमिनीपासून फूट-दीड फूट उंच आणि भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा. जळगाव-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेथे बंद कपाटाच्या कप्प्यात ठेवलेला संगणक दुपारी तग धरणे अवघड.

सफाई वर्षातून दोनदा, धुळीच्या धंद्यात दर तीन महिन्यांनी करावी. संगणक रीतसर बंद करून भिंतीवरचा प्लग काढावा. डब्याचे एका बाजूचे झाकण उघडून पत्र्याच्या उघड्या भागाला आधी हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने धूळ हलकेच सोडवावी आणि हवेच्या ब्लोअरने बाहेर उडवावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, तो वेगाने गरगरा फिरू देऊ नये. ओले फडके किंवा फवारा वापरू नये. डब्याच्या मागील उघड्या खाचांतून झुरळ, मुंगी, पाल आत शिरतात, आत मरतात आणि शॉर्टसर्किटही करतात. त्या खाचा पत्र्याच्या पट्टीने बंद कराव्यात. संगणकही वाचतो आणि जीवही वाचतात.

प्रोसेसर आणि हीट सिंक यांमध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. काही वर्षांनी तो वाळून खडूसारखा होतो. सफाई करूनही तापमान उतरत नसेल तर कारागिराकडून जुना थर पुसून नवा लावून घ्यावा. वाटाण्याच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. अधिक लावल्याने अधिक थंडावा मिळत नाही.

डब्याच्या आत

बाहेरची वीज निर्दोष आणि पंखे स्वच्छ असूनही संगणक विझत असेल तर संशय एसएमपीएसवर येतो. भिंतीवरची २३० व्होल्टची वीज घेऊन तो आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज देतो. जुना झाला की भार वाढताच तो माघार घेतो. त्याचे झाकण घरी कधीही उघडू नये. त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टपर्यंतचा साठा असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. त्याची खरी परीक्षा म्हणजे दुसरा चांगला एसएमपीएस लावून दोन दिवस संगणक चालवून पाहणे. कारागिराला तसे सांगावे आणि दोष सिद्ध झाल्यावरच नवा विकत घ्यावा.

मदरबोर्डवर लहान दंडगोलासारखे कपॅसिटर असतात. त्यांचे माथे सपाट असावे लागते. माथा फुगलेला किंवा त्यातून तपकिरी द्रव सुकलेला दिसला तर तो भाग खराब झाला आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष कपॅसिटरमुळे हा दोष जगभर आढळला होता.

एक कारण सर्वांत क्षुल्लक आणि म्हणूनच सर्वांत उशिरा सापडणारे आहे. पुढचे चालू-बंद करण्याचे बटण धुळीने आत अडकते. हे बटण सुमारे चार सेकंद दाबलेले राहिले तर संगणक कोणताही संदेश न देता वीज तोडतो. चालू केल्यावर थोड्याच सेकंदांत बंद होणाऱ्या संगणकात आधी हे बटण मोकळे हलते का, हे पाहावे.

निळ्या पडद्याच्या प्रकारात रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसून पुन्हा घट्ट बसवल्यास कधी कधी काम भागते. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ नावाची तपासणी मुळातच असते. ती दुकान बंद झाल्यावर लावून ठेवावी. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर अन्य कोणतीही तपासणी करण्यापूर्वी त्यातील हिशेब दुसरीकडे उतरवून घ्यावा. अशा डिस्कला किती तास उरले आहेत हे कोणीही सांगू शकत नाही.

संगणकाची स्वतःची रोजकीर्द

विंडोज आपल्या प्रत्येक घटनेची नोंद ठेवते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शोधाच्या चौकटीत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ असे लिहून ते उघडावे, त्यात ‘विंडोज लॉग्ज’ आणि मग ‘सिस्टिम’ निवडावे. संगणक बंद पडला त्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचाव्यात.

तेथे तीन क्रमांक महत्त्वाचे आहेत. १०७४ ही नोंद असेल तर संगणक हुकमाने बंद झाला आहे आणि तो हुकूम कोणत्या प्रोग्रॅमने किंवा कोणत्या वापरकर्त्याने दिला, हेही तेथे लिहिलेले असते. ६००८ ही नोंद सांगते की आधीचे बंद होणे अनपेक्षित होते. ‘कर्नल-पॉवर’ या नावापुढे ४१ हा आकडा असेल तर त्याचा अर्थ, संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. ४१ वाचून ‘एसएमपीएस गेला’ असा निष्कर्ष काढणारे कारागीर भेटतात. ती नोंद कारण सांगत नाही. रोजकीर्दीत एखाद्या दिवशीचे पान कोरे राहावे तशी ती खूण आहे. कारण शोधण्यासाठी वहीतील नोंदी आणि ही वेळ शेजारी शेजारी ठेवून जुळवाव्या लागतात, जसे बँकेच्या पासबुकाशी आपले खाते जुळवले जाते.

पुन्हा चालू झाल्यावर पहिले काम

संगणक पुन्हा सुरू झाला की सुटकेचा नि:श्वास टाकून लगेच पुढचे बिल करण्याची घाई होते. येथेच खरे नुकसान होते. प्रथम शेवटची तीन-चार बिले उघडून पाहावीत. जीएसटीच्या नियमांनुसार बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात. अर्धवट राहिलेले बिल नोंदले गेले की नाही हे न पाहता ते पुन्हा केले तर एकाच मालाची दोन बिले होतात किंवा छापील बिल गिऱ्हाइकाच्या हाती असून त्याची नोंद खात्यात राहत नाही.

ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइस यांबाबत अधिक दक्षता हवी. वीज जाण्यापूर्वी माहिती सरकारी पोर्टलवर पोहोचलेली असू शकते. मग तेथे बिल आहे आणि दुकानाच्या खात्यात नाही, अशी स्थिती निर्माण होते. पोर्टलवर ते रद्द करण्यासाठी २४ तासांचीच मुदत असते. म्हणून संगणक बंद पडल्याच्या दिवशी रात्री दुकान वाढवण्यापूर्वी पोर्टलवरील त्या दिवसाची यादी आणि आपली विक्री वही यांची जुळवणी अवश्य करावी. रोख शिल्लक मोजून ती खात्याशी जुळते का, हेही पाहावे.

डब्यातील घड्याळाकडेही लक्ष असावे. मदरबोर्डवर ३ व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. त्या तारखेने व्हाउचर नोंदले गेले तर ते वर्षअखेरीस सापडेपर्यंत पुष्कळ मनस्ताप होतो, आणि चुकीच्या तारखेमुळे सुरक्षित संकेतस्थळेही उघडण्यास नकार देतात.

बॅकअप : व्यवहाराचा आणि कायद्याचाही नियम

यंत्र बदलता येते. दहा वर्षांची खाती बदलता येत नाहीत. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. संगणकावर ठेवलेल्या नोंदींचा योग्य बॅकअप ठेवावा आणि अपघाताने नोंदी नष्ट झाल्यास वाजवी वेळेत त्या परत उभ्या करता याव्यात, असे त्याच कायद्याच्या नियम ५७ मध्ये सांगितले आहे. ‘संगणक बिघडला’ हे उत्तर देण्याची वेळ येऊ नये, ही जबाबदारी दुकानदाराचीच आहे.

रोज रात्री दुकान वाढवताना एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. वारांची नावे लिहिलेले निरनिराळे पेनड्राइव्ह ठेवावेत, म्हणजे एक बिघडला तरी कालची प्रत हाती असते. आठवड्यातून एक प्रत घरी न्यावी. दुकानात आग लागली, पाणी शिरले किंवा चोरी झाली तर दुकानातच ठेवलेली प्रत उपयोगी पडत नाही. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला धनादेश. खात्यात शिल्लक आहे की नाही, हे तो वटेपर्यंत कळत नाही.

डबा दुरुस्तीस बाहेर द्यावयाचा असेल तर आधी बॅकअप घ्यावा, हार्ड डिस्क शक्यतो काढून आपल्याकडे ठेवावी आणि बँकेचे व जीएसटीचे पासवर्ड त्यात साठवलेले असल्यास ते बदलावेत. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि पावतीवर नव्या भागाचा क्रमांक लिहून घ्यावा.

दुरुस्त करावा की बदलावा?

हा प्रश्न भावनेने सोडवू नये, घसाऱ्याने सोडवावा. आयकराच्या हिशेबात संगणकाला दरवर्षी शिल्लक किमतीवर ४० टक्के दराने घसारा मिळत आला आहे. ४० हजार रुपयांना घेतलेल्या संगणकाची वहीतील किंमत पूर्ण तीन वर्षांचा घसारा धरता ८ हजार ६४० रुपये उरते. यूपीएसची बॅटरी, वायर, पंखा, एसएमपीएस यांपैकी काही बदलून काम भागत असेल तर दुरुस्तीच योग्य. मदरबोर्डच गेला असेल आणि संगणक सहा-सात वर्षांचा असेल तर त्यावर खर्च करणे म्हणजे बुडीत खात्यात आणखी रक्कम टाकणे होय.

आणखी एक गोष्ट कुटुंबाने ठरवावी. बहुतेक घरांत संगणकाची सारी माहिती एकाच्याच डोक्यात असते. कधी मुलाच्या, कधी सुनेच्या, कधी नोकरीतल्या मुनिमाच्या. तो गावी गेलेला असतानाच नेमका संगणक बंद पडतो. बॅकअप कसा घ्यावा, कसा परत उभा करावा आणि वरील तपास कोणत्या क्रमाने करावा, हे घरातील निदान दोघांना यावे. त्यांतील एक वडीलधारे असतील तर अधिक चांगले, कारण घाई न करण्याचा गुण त्यांच्याकडे असतो. तपासाचा क्रम एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी लावावा : वेळ लिहा, मॉनिटरचा दिवा पाहा, वायर दाबा, यूपीएस तपासा, पंखा पाहा, नोंदी वाचा, शेवटची बिले जुळवा, मग कारागिराला बोलवा. आणि या सर्वांच्या वर, लाल शाईने, एकच ओळ असावी : बॅकअप घेतल्याशिवाय फॉरमॅटला परवानगी नाही.